साहेबांच्या निरोपाचा हार

विश्वंभर साहेबांनी उभ्या नोकरीत पुष्कळ सुधारणा केल्या. मंत्रालयात असताना दाखल्यांना लागणारी निम्मी कागदपत्रं त्यांनी उडवली. आमची काही हरकत नव्हती. पण निवृत्तीच्या तोंडावर ते आपल्या हिंगोली जिल्ह्यात आले आणि त्यांनी थेट आमच्या सत्कारांना हात घातला, तेव्हा मात्र आम्ही हादरलो.

आमच्या कार्यालयात कोणी आलं की सत्कार, गेलं की सत्कार, बढती मिळाली की सत्कार. शाल, श्रीफळ, भाषणं, वर चिवडा-पेढे. तोवर आखाडा बाळापूरहून आलेली माणसं बाहेर बाकावर ताटकळत. साहेबांनी हुकूम काढला : खिडकीसमोरचा शेवटचा माणूस मोकळा झाल्याशिवाय कोणाच्याही गळ्यात हार पडणार नाही. मी तिथला हेडक्लार्क. भाषण करायची मला भारी हौस, त्यामुळे मी जाम चिडलो. हा नियम साहेबांबरोबरच निवृत्त होणार, असं आम्ही चहा पिताना बोलायचो. साहेबांनाही तीच धास्ती होती.

"बाकीचे नियम माझ्यामागं टिकतील हो," ते म्हणायचे. "ह्याचं काही खरं नाही."

निरोपाच्या दिवशी जिल्ह्यातल्याच गोरेगावहून त्यांचे वडील तातेराव जीपने आले. थकलेलं शरीर, पण लेकाचा सत्कार डोळ्यांनी बघायचा होता. नेमकी दाखल्यांची गर्दी, त्यात सर्व्हर रुसलेला. प्रमुख पाहुणे सारखं घड्याळ बघत होते. आमच्या पोटात कावळे ओरडत होते.

खुर्चीत पेंगणाऱ्या वडिलांकडे बघून साहेबांना राहवेना. ते खिडकीपाशी गेले. तिथं नाहिद बसली होती, नुकतीच नोकरीला लागलेली.

"नाहिद, बाबा थकलेत. आजच्यापुरतं पाच मिनिटं थांबवायचं का?"

नाहिदने मान वर केली नाही. "सर, लोकं हायेत अजून. हुकूम तुमचाच हाय ना?"

आता हिची धडगत नाही, असं मला वाटलं. साहेब मात्र मोठ्याने हसले. ते इथं आल्यापासून मी त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं. खुर्ची ओढून ते तिच्याशेजारी बसले आणि लोकांचे कागद तपासून देऊ लागले.

शेवटचा माणूस दाखला घेऊन गेला तेव्हा प्रमुख पाहुणे कधीच निघून गेले होते. हार कोणी घालायचा, यावर आमची कुजबुज चालली होती. तातेराव कधी उठून आले ते कळलंच नाही. त्यांनी माझ्या हातातला हार घेतला.

"माझा जलम गेला हितं चकरा मारून," ते म्हणाले. "आज मी बसून पाहून राहिलो. एक बी माणूस 'उद्या ये' ऐकून गेला न्हाई. वाक खाली, हात पुरंना माझा."

साहेब वाकले, ते थेट वडिलांच्या पायांपर्यंत.