किल्ली खिशात होती

त्या जीपचा पंचनामा मी अजून विसरलेलो नाही.

नामांतराच्या चळवळीची वर्षे होती. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. कडक थंडीतल्या एका सकाळी, नऊच्या सुमारास, धान्याच्या मोंढ्यात उभी असलेली एक जीप पेटली. कापडी हुड आणि पुढचा भाग जळाला. जीवितहानी नव्हती.

मालक पाथरीकडचे मोठे शेतकरी. आपण आडतीच्या दुकानात गेलो असताना ड्रायव्हरने गाडी पेटवली, अशी फिर्याद त्यांनी तासाभरात दिली. ड्रायव्हर बौद्ध समाजाचा, तिशीतला, सहा वर्षे त्यांच्याकडे कामाला. मोर्चासाठी सुटी मागितल्यावरून चार दिवसांपूर्वी दोघांत बोलाचाली झाली होती. फिर्याद लिहून होते न होते तोच मोंढ्यातला एक हमाल खबर घेऊन आला. आगीच्या थोडे आधी ड्रायव्हरच्या हातात डिझेलचा कॅन त्याने पाहिला होता.

हेतू होता, साक्षीदार होता आणि संशयिताचे दोन्ही तळवे भाजलेले होते. मी अटक केली, त्याला दवाखान्यात पाठवून मलमपट्टी करून घेतली आणि स्टेशन डायरीत नोंद केली. दुपारपर्यंत मोंढ्यातली निम्मी दुकाने बंद झाली. ठाण्यासमोर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जमाव उभे राहिले. एका जीपपायी एखादी वस्ती जळायला वेळ लागणार नव्हता.

चौकशीत ड्रायव्हरचे सांगणे एकदाही बदलले नाही. कॅनमध्ये रेडिएटरसाठी पाणी होते. तो परतला तेव्हा मालक बसतात त्या सीटमधून धूर येत होता. त्याने पाणी ओतले, सीट ओढून काढायला गेला, हात भाजले.

“शीट आतून पेटलं, सायेब.”

“गाडी बंद असताना?”

“बंदच व्हती. किल्ली मालकाच्या खिशात.”

हे उत्तर त्याच्याच विरोधात जात होते. किल्ली काढली म्हणजे करंट बंद, आणि करंट बंद म्हणजे आग कुणीतरी लावलेली. मालकांचे म्हणणे हेच होते. त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर काढून ठेवली.

संध्याकाळी चहा आला. त्याला कप धरता येईना, म्हणून हवालदार बशीने पाजत होते. कबूल कर बाबा, न्हाईतर रोज मलाच पाजावं लागंल, असे ते म्हणाले. तो पहिल्यांदाच किंचित हसला.

“मालकाला किती डाव सांगितलं, शीट लय तापायलंय. मालक म्हनले, तुझ्या बुडाखाली हाय का?”

मी लिहिणे थांबवले. सीट तापते म्हणजे काय, ते विचारले. मालकांची कंबर थंडीत धरायची. म्हणून परभणीच्या एका मिस्त्रीने सीटच्या रेक्झिनखाली शेगडीच्या तारेचे वेटोळे बसवून दिले होते.

“हे सकाळीच का नाही सांगितलेस?”

“किल्ली काढल्यावर ते बी बंद व्हतंय, आसंच वाटलं. तुमीच म्हनलाव तसं.”

मी डॉक्टरांना बोलावून त्याच्या पट्ट्या सोडायला लावल्या. दोन्ही तळव्यांवर भाजल्याच्या सरळ रेघा होत्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. पंचांसमोर जीपचे सीट उघडले. तारेच्या वेटोळ्यातले अंतर तेवढेच भरले. सारखे बसून काही वेटोळी एकमेकांना चिकटली होती. तिथला फोम तळापर्यंत जळाला होता. वेटोळ्याची वायर किल्लीकडे न जाता थेट बॅटरीला जोडलेली होती. वाटेत फ्यूजच्या जागी तांब्याची पीळ दिलेली जाड तार होती.

परभणीहून त्याच रात्री बोलावून घेतलेल्या मिस्त्रीने जबाबात लपवाछपवी केली नाही. फ्यूज तीनदा उडाला, मालक म्हणाले जाड तार घाल, मी घातली. तो काही जगावेगळे सांगत नव्हता. आमच्याकडे घरोघर मीटरच्या बोर्डात अशीच तार असायची. माझ्या सरकारी क्वार्टरमध्येही होती, ती मी स्वतः घातलेली होती.

मालकांना ती काळवंडलेली तार दाखवली. ते उठून बाहेर गेले आणि दोन्ही जमावांसमोर म्हणाले, “पोरानं काई केलं न्हाई. तार मीच घालायला लावली.”

जमाव पांगले. मी न्यायालयाला अहवाल पाठवला आणि ड्रायव्हरला सोडले. मालकांनी दारातच त्याला विचारले, कामावर कधी येतोस. हात बरे झाल्यावर बघू, एवढेच तो म्हणाला. तो पुन्हा गेला की नाही, ते मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी मी क्वार्टरमधली तार काढून टाकली.

तपासात खोटे कोण बोलतो, ते हुडकायची आम्हाला सवय असते. त्या दिवशी कुणीच खोटे बोलले नाही. हमालाने कॅन खरोखर पाहिला होता आणि किल्ली खरोखर खिशात होती. पुरावा सकाळपासून माझ्या समोरच्या बाकावर बसलेला होता. त्यावर पट्टी मात्र मीच बांधून घेतली होती, हात एकदाही नीट न पाहता.