कशाच्या डावीकडे?

जगातली कुठलीही वस्तू स्वतःच्या जागेवर नसते, ती फक्त दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी असते, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे टाळायची सोय नाही. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात ह्यांनी अख्खी नोकरी मार्किंगच्या टेबलापाशी काढली. लोखंडाच्या तुकड्यावर कुठे भोक पाडायचं, कुठे कापायचं, त्याच्या खुणा करून द्यायच्या, हे काम. त्या कामाचा पहिला नियम असा, की एक कड पक्की धरायची आणि बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं. त्या कडेला ते लोक डेटम म्हणतात. निवृत्त झाल्यावर चारचौघं सकाळी फिरायला जातात, ह्यांनी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघून बघून वेबपेज करायची विद्या शिकून घेतली. तिथेही तोच कारभार निघाला. फोटो मथळ्याखाली, मजकूर फोटोशेजारी, बटण मजकुराच्या तळाशी, आणि एक हललं की त्याला धरून बसलेली सगळी हलणार. आमचे साडू खूश झाले. तेव्हापासून आम्हा नातेवाइकांचे हाल सुरू आहेत.

गंगापूर रोडला त्यांच्या इमारतीत योगाचे वर्ग घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी ह्यांच्याकडून पेज करून घ्यायचं धाडस केलं. सगळं झाल्यावर बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, की माझा फोटो जरा डावीकडे घ्या ना. साडूंनी चष्मा काढला आणि विचारलं, "कशाच्या डावीकडे?" बाई म्हणाल्या, पानाच्या. तर हे म्हणाले, पान प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळं असतं, तेव्हा पान हा काही आधार नव्हे, तुम्ही मला एक पक्की वस्तू सांगा. बाई पुढच्या वेळी आल्या त्या वहीत आकृती काढून आणि बाण दाखवून. साडू म्हणाले, ह्याला म्हणतात गिऱ्हाईक.

घरचा पत्ताही ते असाच सांगायचे. कोपऱ्यावरच्या मेडिकलपासून तिसरं फाटक. मग एक दिवस ते मेडिकल उठून समोरच्या बाजूला गेलं. कुणीही दुकानाचं नाव नाहीतर इमारतीचं नाव सांगून मोकळा झाला असता. हे मात्र मेडिकलवाल्यावर रुसले. तुम्ही हललात, माझं घर हललं, असं त्याला दुकानात जाऊन सांगून आले, आणि सर्दीचं औषधसुद्धा सहा महिने लांबच्या दुकानातून आणलं.

जेवायला बोलवायचीही चोरी. एकदा आमच्या घरी हिच्या हातून चटणी ताटात उजवीकडे वाढली गेली. पाहुण्याने गुपचूप जेवावं की नाही? साडूंनी ताटाकडे पाहिलं आणि ऐकवलं, मीठ वर मध्यभागी, चटणी-लिंबू डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, ही मांडणी ज्याने ठरवली त्याला म्हणे पानाची अक्कल होती. मग त्यांनी शांतपणे ताट अर्धं फिरवलं. चटणी आली डावीकडे, पण तिच्याबरोबर भाजीही आली आणि मीठ आलं पोटाशी. ते ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, एक नीट करायला जावं तर असं होतं. मी म्हटलं, साडूभाऊ, वरण निवतंय, जेवा मुकाट्याने.

तर अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. छापील पत्रिका देवापुढे ठेवायला आणि अगदी जवळच्यांना. बाकी सगळ्यांना वेबपेज, असं ह्यांनी जाहीर केलं. इथे त्यांच्या मोठ्या भावाबद्दल सांगायला हवं. ते कळवणकडे गावी शेती करतात, त्यांना सगळेच दादा म्हणतात. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी स्वतःची शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला नाशिकला आयटीआयला धाडलं. दादांना मूलबाळ नाही. म्हणून कन्यादान दादा आणि वहिनींच्याच हातून व्हायचं, हे मुलीच्या बारशापासून ठरलेलं. साडूंनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट मोजमाप न करता ठरवली असेल.

पेज झालं, मोबाइलवरून सगळीकडे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दादांचा फोन मला आला. धाकट्याला नाही, मला. म्हणाले, पत्रिका पाहिली, लय छान, आमचं नाव धाकट्याच्या खाली हे, गावानं बी पाहिलं. मग थोडं थांबून म्हणाले, "कन्यादान बी त्यालाच करू द्या. आम्ही काय येत नाय."

मी तडक साडूंकडे गेलो. ते मानायलाच तयार नाहीत. लॅपटॉप उघडून दाखवला. निमंत्रकांत डावीकडे ह्यांचं नाव, त्याच्या शेजारी, उजव्या मानाच्या बाजूला, जरा मोठ्या अक्षरांत दादांचं. दिसायला खरंच सुरेख होतं. मी खिशातून मोबाइल काढला आणि तेच पेज उघडून पुढे धरलं. अरुंद स्क्रीनवर दोन नावं शेजारी मावेनात, म्हणून उजवीकडचं उतरून डावीकडच्याच्या खाली जाऊन बसलं होतं. जगाला "कशाच्या?" विचारणाऱ्या, योगाच्या बाईंना प्रत्येकाच्या स्क्रीनचा धडा देणाऱ्या माणसाने, लोक हे कशावर बघणार, एवढंच विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला चेष्टा सुचेना.

माझ्या गाडीतून आम्ही कळवणकडे निघालो. वणी मागे पडली तरी साडूंच्या मांडीवर लॅपटॉप तसाच उघडा. गावी पोचल्यावर वहिनींनी पाणी दिलं, दादा ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. साडू लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे बसले, हे बघा दादा, तुम्ही मानाच्या बाजूला आहात. दादांनी तिकडे पाहिलंही नाही. म्हणाले, लॅपटॉप तुझ्या घरात हे, गावाच्या हातात फोन हे. साडू चाचरत समजावू लागले, की मी माझं नाव पक्कं धरलं आणि तुमचं त्याच्या शेजारी ठेवलं.

दादांनी विचारलं, "म्हंजे मला तुझ्यावरून मोजलं?"

साडूंनी तिथेच ओट्यावर मांडी ठोकून कामाला सुरुवात केली. मी माझ्या फोनवरून नेट जोडून दिलं. दादांचं नाव उचलून वर नेलं तर तारीख नकाशावर चढली, वधूवरांचा फोटो कार्यालयाच्या पत्त्याखाली गेला. शेवटी त्यांनी सगळं पुसलं. पहिल्यांदा फक्त दादांचं नाव लिहिलं आणि बाकीचं एकेक त्याच्यापासून मांडत आणलं. वहिनींच्या भाकरी होऊन आम्ही जेवलोसुद्धा, तरी चाललेलंच. झाल्यावर त्यांनी दादांच्याच फोनवर पेज उघडून हातात दिलं.

दादांनी अंगठ्याने पान सावकाश वरून खालपर्यंत सरकवलं. पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. धाकट्याचं नाव त्यांना अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडलं.

"येवढं खाली कशाला घातलं? घे वर, माझ्या खालोखाल. पोरगी तुझी हे."

लग्नात कन्यादान दादा-वहिनींनीच केलं. फोटोवाल्याने आमच्या साडूंना जरा डावीकडे सरकायला सांगितलं, मी कान टवकारले, तर हे काही न विचारता सरकले आणि दादांच्या कोपराला धरून उभे राहिले.

आता मुलगी बंगळुरूला असते. दादा थकलेत, फारसे ओट्यावरून उठत नाहीत. लग्नाचं पेज मात्र अजून तसंच चालू आहे, तारीख उलटून दोन वर्षं झाली तरी. परवा मी म्हटलं, साडूभाऊ, काढून टाका आता ते, कोण बघतंय? तर म्हणाले, दादा बघतात, रोज सकाळी. मग स्क्रीनकडे बघत, जरा हळू आवाजात ते म्हणाले, "आणि दादांचं नाव काढून टाकलं, तर मी बाकीचं कशापासून मोजू?"