गाडी माझ्याच हातात तापायची

छत्तिसाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि तिसऱ्याच महिन्यात गाडी तापायला लागली. नवऱ्याला एवढं निमित्त पुरलं. "तू चालवतीस म्हणून तापते," त्यांनी निकाल देऊन टाकला. ते चालवायचे तेव्हा तापत नव्हती, हे कबूल. पण ते चालवायचे कधी? रविवारी सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यानं, जवळच राहणाऱ्या बहिणीकडे. मी रोज साडेनऊला कोठीच्या बाजारातल्या गर्दीतून आबिड्सच्या ऑफिसात जायची, ऐन एप्रिलात, पुढं बस आणि मागं रिक्षा.

इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेकडं सरकला की मी गाडी कडेला घ्यायची, बंद करायची आणि बॉनेट उघडून उभी राहायची. शहरात तेव्हा नव्या बारक्या गाड्यांचा सुळसुळाट सुरू झाला होता. त्यातले लोक काचा खाली करून सल्ले देत जायचे. "अम्मा, बेच डालो इसकू!" ऑफिसात एक जण म्हणाला पंख्याचा पट्टा सैल आहे, दुसरा म्हणाला ऑइल बदला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या दृष्ट लागली, आणि त्यांनी पुढं लिंबू-मिरच्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी लिंबासकट गाडी तापली.

शेवटी एका शनिवारी नवरा म्हणाला, "मेस्त्रीला दाखवू. तुझ्या चालवण्यात खोट निघाली तर सोमवारपासून तू बसनं जायचं." मी तोऱ्यात "हौ, जाईन" म्हणाले. बसमधली लोंबकळ मी सोसली असती. पण गाडी हातात आल्यापासून मला कुणाला 'जरा सोडता का' असं विचारावं लागत नव्हतं, आणि ते विचारणं मला मेले तरी परत नको होतं.

अफझलगंजचा मेस्त्री म्हातारा होता. त्यानं पट्टा दाबून पाहिला, ऑइल पाहिलं, इंजिन चालू ठेवून रेडिएटरला वरून खालपर्यंत हात लावला. वर चटका बसत होता, खाली गार. "पानी घूमताच नै," तो म्हणाला. इंजिन निवल्यावर त्यानं रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली. आतल्या नळ्या पांढऱ्या पुटानं बुजल्या होत्या.

"साब, पानी कौनसा डालते?"

"बोर का. रोज सुबह. मैं खुद डालता," नवरा छाती काढून म्हणाला. अंघोळ झाली की देवाच्या आधी गाडीला तांब्याभर पाणी, हा त्यांचा नेम होता. मंजिरा नदीचं गोडं पाणी नळाला एक दिवसाआड यायचं, ते पिण्याला आणि चहाला. त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावला तर आत्याबाई घर डोक्यावर घ्यायच्या. बाकी सगळं बोरवर. त्या पाण्यानं आमच्या बादल्या, नळ, बंब सगळं पांढरं पडलं होतं, आणि हे तेच पाणी भक्तिभावानं गाडीला पाजत होते!

"चुना जम गया साब," मेस्त्री म्हणाला. मी तिथंच मोठ्यानं हसले. नवरा रस्त्यावरच्या हातगाड्या बघत राहिला.

नळ्या साफ करून संध्याकाळी मेस्त्रीनं गाडी परत दिली. म्हणाला, "इंजन का नसीब अच्छा है. कोई सुई देख देख के टैम पे रोक्या इसकू, नै तो कबका बैठ जाता. कौन चलाते?"

"मैं," नवरा म्हणाला. डोळ्याची पापणी न हलवता!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडेच्या आठवडे मी उन्हात उभी राहिले, घाबरट म्हणून घरात बोलणी खाल्ली, आणि शाबासकी यांना? मी म्हणाले, "मेस्त्री, साब को पूछो, गरमी की सुई किधर है."

नवऱ्यानं खिडकीतून आत डोकं घातलं. बराच वेळ शोधाशोध केली आणि ऐटीत पेट्रोलच्या काट्यावर बोट ठेवलं.

मेस्त्रीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फडक्याला चावी पुसली आणि माझ्या हातात ठेवली. नवरा डावीकडचं दार उघडून बसला.