मुठीतला गूळ

सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या पोत्यापुढे उभी होते. नवरा एवढंच म्हणाला, "आई गेली." मी "येते" म्हटलं, फोन पदराला पुसला आणि व्यापाऱ्याने पुढे केलेली मिरची मोडून तिचा वास घेतला. माल दमट होता, घेतला नाही. मग ऑटो केला. आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, मी खंबीर राहिले. खंबीर कसली... त्या बाईच्या हाताखाली तीस वर्षं काढल्यावर माल तपासल्याशिवाय पाऊलच निघत नाही.

आमची तिखट-हळदीची चक्की आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, वर्षाचं तिखट दळायला आलेल्या पंधरा-वीस बायकांसमोर सासूबाईंनी मला बोलावलं. आधी बोटाच्या पेराएवढी लवंगी चावायला दिली. ती गिळते न गिळते तोच लांब, सुरकुतलेली, लालभडक ब्याडगी हातात ठेवली. "सांग वं, कोणती तिखट?" तोंडात नुसता जाळ झाला होता. मी म्हटलं, "दुसरी." बायका पोट धरून हसल्या. ब्याडगी बिचारी रंगापुरती, ती लेकरंही खातात. "काहून वं, माहेरी काय दूधभातच खात होती का तू?" एकीने विचारलं, आणि पुन्हा हशा. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत मी तशीच उभी. सगळ्या हसून दमल्या तेव्हा सासूबाईंनी मूठ उघडली. आत गुळाचा खडा होता, घामाने चिकट झालेला. म्हणजे गूळ पहिल्यापासून त्यांच्या हातातच होता! "तिखट उशिरा चढते," त्या म्हणाल्या. "जाळते पहिली अन् नाव होते दुसरीचं. दोन मिरच्यांच्या मधात दम धरत जा."

शिकवलं मात्र त्यांनीच, हे नाकारणार नाही. रंगावर भुलू नको. बी चाटून काही कळत नाही. बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं ती शीर जिभेला लाव, खरं तिखट तिथे. भिवापुरी मिरची वासावरून ओळख. पाचेक वर्षांत मी डोळे मिटून पोतं ओळखायला लागले. त्यांच्या तोंडून कधी "बरं" म्हणून निघालं नाही. उलट गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आमच्या सुनेले तिखट समजत नाही." पंचवीस वर्षं मी हे ऐकलं, हसून ऐकलं, आणि विसरले एकदाही नाही.

मग त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. किरणांचे शेक घेऊन घेऊन तोंड आतून सोलून निघालं, साधं पाणीही झोंबायचं. मी अळणी पेज भरवायची. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "बोटभर तिखट दे वं. जिभेले लावते फक्त... मरताना तरी चव येऊ दे तोंडाले." डॉक्टरांनी बजावलं होतं, नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "आई, तुम्हाले आता तिखट समजत नाही." म्हणताना फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. "शिकली वं... शिकली," एवढं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी गेल्या, अळणी तोंडानेच.

पहिले पंधरा दिवस मला काही म्हणता काही झालं नाही. नंतर चढलं. भात वेळताना पेज दिसली की हात थांबतो, रडू येतं, आणि राग निघतो तो घरातल्या भलत्याच माणसावर.

परवा हंगामाचं दळण सुरू झालं. माझी सून नेहा, मागच्या वर्षीच लग्न होऊन आलेली, पहिल्यांदा चक्कीवर आली. ओट्यावर बायका डबे घेऊन बसलेल्या. तिनेच हौसेने विचारलं, "आई, मले पण शिकवा नं, कोणती मिरची किती तिखट ते." मी सुपात हात घातला. आधी लवंगी दिली. लगेच ब्याडगी. मधात थांबले नाही.

"सांग वं, कोणती तिखट?"

"दुसरी," नेहा कशीबशी म्हणाली. तिचे डोळे भरून वाहायला लागले, बायका हसायला लागल्या. तिने माझ्याकडे पाहिलं.

गूळ माझ्या मुठीत होता. मी बायकांचं हसणं संपायची वाट पाहत राहिले.