एवढं एक वाक्य सोडून

रूथताई गेल्याचा फोन मला नीलेशनं केला. सकाळची वेळ होती, मी बाजारात वांगी निवडत होते, आणि पलीकडून तो म्हणाला, "मामी, आई गेल्या." आधी मला वाटलं, त्याची आई. ती तिकडे वर्ध्याजवळ गावी असते... मग लक्षात आलं. जिवंतपणी रूथताईनं त्याला कधी 'आई' म्हणू दिलं नव्हतं. "काकू म्हण गा. आई म्हणायले तुले तुही आई आहे ना," असं तिनं पहिल्याच भेटीत बजावलं होतं, आणि तो मुकाट काकू म्हणत राहिला. आता अडवणारं कोणी उरलं नव्हतं. वांगी तशीच टाकून मी ऑटोत बसले. खरं सांगते, रडू आलं नाही. राग आला. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मी चांगलंच बोलणार आहे. पण रागाशिवाय मला रूथताई आठवताच येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

रूथताई माझी थोरली नणंद. आमचे हे, म्हणजे मनोहर, तिचे धाकटे भाऊ. त्यांचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, माझं माहेर इंदोऱ्याचं, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवलं तेव्हा ताई मला भेटायला माझ्या शाळेत आली. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. "सुमन, पोरगी तू चांगली आहेस," ती म्हणाली. "पण विश्वासाच्या बाहेर लग्न करणं आमच्यात चूक आहे, आन् मी चुकीच्या कामाले येत नसते." आणि खरंच आली नाही. संध्याकाळी आम्ही दोघं घरी पोचलो, तर तिनं स्वतःची खोली आम्हाला रिकामी करून दिलेली, स्वयंपाकघरात पाटवडीचा रस्सा उकळत होता. ती म्हणाली, "लग्न चुकीचं आहे. म्हणून काय नवी सून उपाशी झोपंल?" पुढं पस्तीसेक वर्षांत माझ्या दोन्ही बाळंतपणांना तिनं रात्रंदिवस केलं, माझी आई गेली तेव्हा विहारात माझ्या शेजारी मांडी घालून बसली. पण ते लग्न बरोबर होतं असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. माझ्यावरून मी हे ओळखून असायला हवं होतं...

ती मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची आणि रविवारी चर्चमधला गायनवृंद सांभाळायची. कुणाचा सूर जरा उतरला की पेटी थांबवून त्या माणसाकडे बघत राहायची. बोलायची नाही, नुसती बघायची. अर्ध्याअधिक मंडळींनी त्या नजरेला घाबरूनच गाणं शिकून घेतलं. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा आशिष तिच्या हाताखाली गात मोठा झाला, इंजिनिअर झाला, हिंगण्याच्या एका कंपनीत लागला. तिथंच त्याला नीलेश भेटला.

आशिषनं आईला सांगितलं त्या रविवारी त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "मामी, तू नुसती बसून राहा," म्हणाला. ताई कणीक मळत होती. त्यानं सरळ सांगून टाकलं, की मला मुली आवडत नाहीत, लग्न करणार नाही, नीलेश माझा नुसता मित्र नाही. ताईनं हात धुतले, पदराला पुसले, खुर्ची ओढून बसली.

"कधीपासून आहे हे?"

"लहानपणापासून, आई."

"आन् मले आता सांगून राहिला?" तिचा आवाज फुटला. मग उठून तिनं कणकेवर झाकण ठेवलं. म्हणाली, "पाप आहे ते, आशिष. मी दुसरं काही म्हणू शकत नाही." तो उठायला लागला तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. "जेवल्याशिवाय जायचं नाही. गोळाभात केला आहे." आणि तो जेवला. रडत रडत जेवला. मी त्या दोघांकडे बघत होते आणि मला कुणाच्या डोक्यात पळी घालावी ते कळत नव्हतं.

पुढं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं, की बाहेरगावचे एक प्रार्थनावाले आहेत, ते असल्या गोष्टी 'काढतात'. आशिष आईसाठी तयार झाला. बैठकीत पाच-सहा जण जमले. त्या गृहस्थांनी आशिषला गुडघ्यावर बसवलं, डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या आतल्या कुठल्याशा आत्म्याला बाहेर निघायचा हुकूम सोडायला सुरुवात केली. आवाज चढत गेला. हात डोकं खाली खाली दाबत गेला. आशिषचं कपाळ फरशीला टेकायला आलं तेव्हा ताई उठली.

"हात काढा."

"ताई, मध्ये बोलू नका. हा सैतान तुमच्या तोंडून बोलतोय."

"सैतान कायचा? मी बोलून राहिली. हा माहा पोरगा आहे, त्याच्यात दुसरं कोणी नाही. हात काढा म्हणते ना!"

त्यांनी हात काढला. ताईनं त्या माणसाला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि वाटेला लावलं. मला वाटलं, चला, सुटलो. संध्याकाळी भाकरी थापता थापता बाई आशिषला म्हणते, "त्याची रीत चुकली गा. पण मुद्दा त्याचा बरोबरच होता."

असे संबंध गुन्हा नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला त्या दिवशी आशिष आणि नीलेश संत्रा बर्फी घेऊन आले. तिनं दोन तुकडे खाल्ले, बर्फी ताजी आहे म्हणाली. मग डबा बंद करून, "कोर्टानं सोडलं गा. देवानं कुठं सोडलं?" नीलेश हसला. त्याला तिचं हसू यायचं, हेच त्याचं भाग्य. आशिषला नाही यायचं. आणि मला तर मुळीच नाही.

दोघांनी मनीषनगरात एकत्र घर घेतलं आणि चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. कमिटी बसली. पाळकसाहेब मवाळ माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्याच मऊ आवाजात त्यांनी सांगितलं, की आपण पापाचा द्वेष करतो, पाप्याचा नाही. आशिषनं जरूर यावं, मागच्या बाकावर बसावं. फक्त गायनवृंदात उभं राहू नये आणि प्रभुभोजन घेऊ नये. मला विचाराल तर ते पापाचा द्वेष नि पाप्यावर प्रेम हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं की कानशिलं तापतात. त्या मंडळीत एक गृहस्थ होते, बायकोला मारायचे, सगळ्यांना माहीत होतं. ते दर महिन्याला प्रभुभोजनाला सगळ्यांत आधी उठून पुढं जायचे. त्यांच्या पापाचा द्वेष करायला कुणाला सवड झाली नव्हती. मला वाटलं ताई हे बोलेल. मी तिला घरून पढवून पाठवलं होतं. आणि तिनं काय सांगावं कमिटीला? "पाप आहे, साहेब. मी मान्य करते."

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी मुद्दाम तिच्यासोबत गेले. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. पण ताई त्यासाठी आदल्या दिवशी पांढरी साडी इस्त्री करून ठेवायची, सकाळपासून तोंडात पाणी घालायची नाही. तिनं नेहमीसारखं गायन करवलं. मग मंडळी रांगेनं उठून वेदीपुढच्या कठड्याशी गेली... आणि ताई पेटीमागं बसून राहिली. पाळकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. बाहेर आल्यावर ते धावत तिच्यामागं आले. "ताई, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. पापी माणसानं यायचं नाही ना साहेब? मग मी कशी येऊ? मी काय धुतलेली आहे?"

"तसं नाही ताई, तुमची गोष्ट वेगळी..."

"कशी वेगळी, सांगा ना."

त्यानंतर ती कधीच कठड्याशी गेली नाही. वर्षं गेली, ते पाळक बदलून गेले, नवे आले. ती दर महिन्याला साडी इस्त्री करायची, उपाशी जायची, गायन करवायची आणि बसून राहायची. मंडळी म्हणाली बाईला गर्व झालाय. मनोहरांनी समजावलं. आशिष तर हात जोडायचा. "आई, माझ्यासाठी हे करू नको. मला हे पाहिजेच नाही. तू एकदा, फक्त एकदा म्हण, की आशिष, तुझ्यात काही वाईट नाही. एवढं एक वाक्य."

"ते मी कशी म्हणू गा?" ती म्हणायची. आणि तिचे डोळे भरून यायचे, आणि ती म्हणायची नाही.

शेवटच्या वर्षी तिची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं. आशिषला दिवसा सुट्टी मिळेना, म्हणून नीलेशनं रात्रपाळी मागून घेतली. सकाळी कंपनीच्या बसनं यायचा, आंघोळ करून ताईला दवाखान्यात न्यायचा, जिन्यावरून उचलून उतरवायचा. ती त्याच्या खांद्यावरून सूचना द्यायची, "हळू गा भैताडा, मी काय पोतं आहे का सिमेंटचं?" त्याच्या हातचं मऊ वरण तिला आवडायला लागलं होतं. मी केलं की म्हणायची, हिंग जास्त झालं.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात नवे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले. तरुण मुलगा, आशिषहून लहान. त्यांनी पलंगाशेजारी स्टूलावर पांढरं फडकं अंथरलं, भाकरी काढली, छोटा प्याला भरला. आशिष दाराशी उभा होता, नीलेश त्याच्यामागं. ताईनं विचारलं, "आशिषले द्याल?"

त्यांची मान खाली गेली. "ताई, माझ्या हातात असतं तर..."

"प्याला तुमच्याच हातात आहे ना, साहेब?"

त्या मुलानं प्याला परत स्टूलावर ठेवला. दोष मी त्याला देत नाही, त्याची नोकरी होती, वरचे लोक होते... देते. थोडा देतेच. ताईनं वाट पाहिली आणि मग ओठ मिटून घेतले. त्यानं सगळं गोळा केलं, फडक्याची घडी केली आणि डोळे पुसत निघून गेला.

मला राहवलं नाही. पोरांना बाहेर पाठवून मी तिच्या उशाशी बसले. "ताई, मरणाच्या दारात तू त्याच्यासाठी तुझ्या देवाचा घास नाकारलास. आणि त्याला पाहिजे ते एक वाक्य तुझ्यानं म्हणवत नाही? काहून असं? आता तरी म्हण वं."

"मले काय वाटते, ते म्हणून काय होते, सुमन?" तिला धाप लागत होती. "मी रोज विचारून राहिली देवाले. वर्षं झाले. तो काही बोलून नाही राहिला."

"मग तू बोल!"

"त्याच्या आधी मी कशी बोलू?"

मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटायला लागले. आतून तिचा बारीक आवाज आला, "हळू आपट वं. भांडे माहे आहेत." तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दफनाला अख्खी मंडळी लोटली. गायनवृंद चांगला गायला, ती असती तरी पेटी थांबवली नसती. मातीची मूठ टाकून झाल्यावर एक बाई आशिषच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आईनं तुझ्यासाठी फार अश्रू गाळले बेटा. आता तरी सुधार." मी मध्ये पडले. म्हटलं, "बाई, तिनं तुमच्यासाठी पण गाळले. सगळ्यांसाठीच गाळले. आता जा घरी." मनोहरांनी माझा दंड धरला. नीलेश दफनभूमीच्या फाटकाबाहेर लोकांच्या चपलांपाशी उभा होता. आशिषनं जाऊन त्याला हाताला धरून आत आणलं आणि दोघांनी मिळून माती टाकली. कुणी अडवलं नाही. एवढं तरी झालं.

परवाच्या रविवारी आशिषनं आम्हाला ताईच्या घरी जेवायला बोलावलं. घर बंद ठेवायला त्याचं मन होत नाही. पानं वाढली होती. मी घास उचलला आणि पाहिलं, तर आशिष आणि नीलेश हात जोडून बसलेले. ताई जेवणाआधी प्रार्थना करायची. आम्ही असलो की माझा धर्म वेगळा म्हणून मोठ्यानं करायची नाही, नुसते ओठ हलायचे, आणि इतका वेळ हलायचे की भात निवून जायचा. या दोघांसमोर मात्र मोठ्यानं म्हणत असणार. आशिषनं सुरुवात केली, 'हे प्रभू' म्हणाला आणि तिथंच थांबला. मग नीलेशनं, कपाळाला टिळा लावून आलेल्या त्या पोरानं, पुढं धरलं. तिच्याच शब्दांत, तिच्याच चालीत, एक शब्दही न गाळता.

"हे प्रभू, या अन्नाले आशीर्वाद दे. आशिषच्या पापाची क्षमा कर आन् त्याले गाडी हळू चालवाची बुद्धी दे. नीलेशच्या पापाची क्षमा कर, त्याच्या गुडघ्याले आराम दे, गावाकडं त्याच्या आईले सांभाळ. मनोहरची शुगर उतरू दे. सुमनचा राग शांत कर. आन् तिचा राग बरोबर असंल, तर तो तसाच राहू दे, मले समज दे. आमेन."

आशिष हसत होता की रडत होता, मला दिसत नव्हतं. माझे डोळे मिटलेले होते... का, ते मला माहीत नाही. मी कधी मिटत नाही.

भात पार निवला होता. आम्ही तसाच खाल्ला. माझा राग अजून तसाच आहे.