पाडवा ते पाडवा

ज्याच्या अंगावर गोचीड आहे आणि ज्याच्या अंगावर तो उद्या चढणार आहे, असे प्राणिमात्रांचे दोनच वर्ग माझे मामेसासरे मानतात. तिसरा वर्ग त्यांना मंजूर नाही. कुत्रा, माणूस, जावई, सगळ्यांची वर्गवारी याच दोन खान्यांत होते, आणि हे मी ऐकीव सांगत नाही. लग्नात मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो उचलेचनात. मला वाटलं, भाचीच्या मायेनं मामांना गहिवरून आलं असावं. तेवढ्यात त्यांची बोटं माझ्या केसांत भांग पाडत डाव्या कानाकडे सरकली, कानाची पाळी उलटी करून पाहिली गेली, मग उजव्या कानाची, आणि भर मांडवात त्यांनी निकाल दिला, "साफ आहे. निर्धास्त राहा." सासरची मंडळी या प्रकाराला सरावलेली होती. माझी आई मात्र पुढे बरेच दिवस, त्यांना तुझ्यात नक्की काय सापडायला हवं होतं, असं मला विचारत राहिली.

मामा तरुणपणी साताऱ्याकडून दिल्लीला आले, हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत सुटले नाहीत. चिकटण्याचा हा शब्द मी अर्थातच त्यांच्यासमोर वापरत नाही. जन्मभर त्यांनी देशाचं तापमान मोजलं, पण घरात त्यांचा विश्वास भिंतीवरच्या पंचांगावर. "कचेरीतलं हवामान कचेरीत. घरी तिथी," असा त्यांचा खाक्या. मामी म्हणतात, "आज छत्री नेऊ का असं विचारलं, तर हे आधी नक्षत्राचं वाहन बघायचे. बेडूक असला तर छत्री, उंदीर असला तर नाही." सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना एका उन्हाळ्यात त्यांच्या जिन्याखाली एक तांबूस कुत्री येऊन पडली. तिच्या कानांत गोचीड दाटले होते. मामा चिमटा घेऊन सबंध दुपार तिच्याजवळ बसले, आणि ती उठली ती थेट त्यांच्या मागोमाग घरात गेली. मामींचा कडाडून विरोध होता. कुत्रीचं नाव गवरी ठेवलं ते मात्र मामींनीच. निवृत्तीनंतर मंडळी गाझियाबादच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन राहायला गेली तेव्हा ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी गवरी बसली होती आणि मागे सामानात मामा.

गोचीड काढणं ही मामांच्या मते कला होती आणि बाकी जग त्यात अडाणी होतं. ओढायचा नाही, पिळायचा नाही, काडी लावायची नाही आणि नखांत चिरडायचा तर मुळीच नाही. कातडीला लगटून चिमट्यात धरायचा आणि न हिसडता सरळ वर घ्यायचा, की तोंडासकट येतो. मग तो साबणाच्या पाण्यात. या पाण्यासाठी मामींच्या मुरांब्याची काचेची बरणी एकदा खाली गेली ती परत स्वयंपाकघरात आली नाही. माझी मुलगी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे असायची. दिल्लीत वाढलेली पोर, तिला ओसरी म्हणजे काय ते ठाऊक नाही, कोनाडा ठाऊक नाही, भावाला रागावली तर "यार, तू बिल्कुल ऐकतच नाहीस" असं मराठी बोलते. पण गोचीड, पिसू, गोमाशी आणि लीख यांतला फरक ती झोपेतही सांगेल. शाळेत एकदा 'माझा आवडता प्राणी' म्हणून तिने कुत्रा निवडला आणि निबंधभर त्याच्या कानात काय काय सापडतं तेवढंच लिहिलं.

पण मामांचा खरा विक्षिप्तपणा होता तो मोहिमेच्या वेळापत्रकात. गोचिडांचं औषध, म्हणजे कुत्र्याच्या मानेवर केस बाजूला करून टाकायचे थेंब, ते गुढीपाडव्याला सुरू करायचे, दर प्रतिपदेला टाकायचे आणि दिवाळीच्या पाडव्याला थांबायचं. साडेतीन मुहूर्तांपैकी दीड मुहूर्त त्यांनी असा गोचिडांना वाहिला होता. असं का, हे मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, तारीख माणूस विसरतो. तिथी विसरत नाही." पाडव्याला सकाळी गच्चीत गुढी उभी राहिली, कडुलिंब आणि गूळ घरातल्यांच्या तोंडात पडला, की उरलेला सगळा कडुलिंब बादलीत उकळून मामा खाली बागेत उतरत. सोसायटीतली आणि आजूबाजूची सगळी भटकी कुत्री तिथे जमायची. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, वाळल्यावर तपासणी आणि शेवटी दहीभात; अंग ओलं झालेलं म्हणून औषधाचे थेंब तेवढे दुसऱ्या दिवशी. गार्ड लोकांनी कालू, भूरी अशी नावं ठेवलेल्या त्या कुत्र्यांना मामा संभाजीराव, तुकोजी अशी हाक मारत आणि ती ओ देत. पहिला नंबर अर्थात गवरीचा. ती पुढारी असल्यासारखी बादलीशेजारी बसून राही आणि आंघोळ टाळणाऱ्यांवर भुंके.

सोसायटीच्या सेक्रेटरींना हे पसंत नव्हतं. "अंकल, आप कुत्तों को पार्टी देते हैं," असं ते एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले. मामा उभे राहिले आणि पन्नास वर्षं दिल्लीत राहूनही न सुधारलेल्या हिंदीत म्हणाले, "पार्टी नहीं, बंदोबस्त है. कुत्ते को गोचीड हुआ तो वो आपके सोफे तक आएगा. आप सोफे पे लुंगी में बैठते हो." पुढच्या पाडव्याला सेक्रेटरींच्या घरून दह्याचं एक मडकं आलं.

संक्रांतीला आम्ही मराठी मंडळी बस करून पानिपतला, मराठे लढून पडले त्या काला अंबला जातो. मामा गवरीला घेऊन येत. सगळे स्मारकाशी हात जोडून उभे असताना मामा जरा बाजूला तिथल्या कुत्र्यांचे कान बघत. एका वर्षी मी म्हटलं, "मामा, थंडीत कसले गोचीड?" ते चिमटा खिशात ठेवत म्हणाले, "झोपलेत. पण शत्रू झोपला म्हणजे गेला असं नव्हे. तो आपला मुहूर्त बघून उठत नाही. हे इथे नाही शिकायचं तर कुठे?" गवरी त्यांच्या पायाशी उन्हात डोळे मिटून पडली होती. एवढी शहाणी गोष्ट त्यांनी बोलून दाखवली आणि त्या शहाणपणाचं पुढे काय झालं, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

कारण त्यानंतर लगेचच ते वर्ष आलं. आदल्या साली अधिक महिना पडला होता, त्यामुळे पाडवा चांगलाच लांबला होता. आणि उन्हाळा मात्र घाईत होता. दिल्लीत होळीनंतर रजया पेटीत जातात, त्या वर्षी फेब्रुवारीतच पंखे लागले. बागेतलं गवत पिवळं पडलं. होळीच्या सुमारास माझी मुलगी गवरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, ती म्हणाली, "मामाआजोबा, हिच्या कानात एक आहे." मामांनी चिमट्याने तो काढला, उजेडात धरून पाहिला आणि बरणीत टाकला. "टेहळणीला आलाय एकटा," ते म्हणाले. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मग आत्ताच टाका ना ते औषध. आणून तर ठेवलंय." मामांनी पंचांगाकडे नजर टाकली. "पाडवा तोंडावर आलाय. एकदा तिथी मोडली की वर्षभराचा घोळ होतो." औषध कपाटात राहिलं. रोज सकाळी ते गवरीचे कान तपासत होते, त्यात त्यांनी खंड पाडला नाही. पण जो एक सापडत नाही तोच घात करतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

गवरीने आधी पोळी सोडली, मग दूध सोडलं. वय झालंय, ऊन बाधलं असेल, असं मामी म्हणत राहिल्या. तिचे ओठ उलटून मामांनी हिरड्या पाहिल्या तेव्हा त्या पांढऱ्या पडल्या होत्या. आम्ही तिला माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने रक्त तपासलं, सलाइन लावलं आणि सांगितलं, "टिक फीवर है, अंकल. खून बहुत कम रह गया है. दवा कब डाली थी?" मामा म्हणाले, "दिवाली को." डॉक्टर हळूच म्हणाला, "गर्मी इस बार जल्दी आ गई ना. फरवरी में ही शुरू कर देनी थी." जन्मभर ज्यांनी तापमानाच्या नोंदी ठेवल्या त्या माणसाला हे दुसऱ्या कुणीतरी सांगायची वेळ आली. मामा गवरीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मग ते त्या डॉक्टरला मराठीत म्हणाले, "पाडवा यायचा होता हो." त्याला ते कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याचं हिंदी करून सांगता आलं नाही.

पाडव्याच्या आदल्या सकाळी गवरी गेली. दुसऱ्या दिवशी गुढी उभारायची की नाही, असा प्रश्न होता. शेवटी मामींनीच काठी धुऊन ठेवली. मामांनी गुढी बांधली, कडुलिंब उकळला आणि बादली घेऊन खाली उतरले. संभाजीराव, तुकोजी, सगळे जमले होते. बादलीशेजारी ठरलेली जागा मोकळी होती आणि आंघोळ टाळणारे टाळत होते, त्यांच्यावर भुंकणारं कुणी नव्हतं. मामांनी एकेकाला धरून आंघोळ घातली, कान पाहिले, दहीभात वाढला. बागेतून वर येताना ते जिन्यात थांबले आणि मला म्हणाले, "कुमक तयार होती, जावईबापू. कपाटातच होती. मीच थांबवून धरली." ते खरं होतं. मी त्यांच्या हातातली बादली घेतली.

आता त्यांच्या भिंतीवरून पंचांग गेलेलं नाही, पण औषध त्यावर अवलंबून नाही. बाराही महिने थेंब टाकले जातात, थंडीतसुद्धा. कुत्र्यांना हे मानवलेलं दिसतं, बागेत आता गोचीड औषधाला सापडत नाही. दुसरं कुत्रं घरात आणायचं मामींनी दोनदा सुचवलं. मामा म्हणतात, "बघू," आणि विषय बदलतात. त्यांचं बोलणं कमी झालं आहे. सेक्रेटरी परवा मला म्हणाले, "अंकल आजकल डाँटते नहीं हैं, अच्छा नहीं लगता." मलाही बरं वाटत नाही. ज्या माणसाची आपण जन्मभर थट्टा केली त्याने थट्टेजोगं काही करायचं सोडलं, की आपण उगाचच पोरके होतो.

या पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. माझी मुलगी आता मोठी झाली आहे, पुढच्या शिक्षणाला पुण्याला निघाली आहे. ती पाया पडायला वाकली तेव्हा मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं केसांत फिरली, आधी डावा कान, मग उजवा, मग पुन्हा डावा. या वयात मुलींना केस विसकटलेले चालत नाहीत, पण ती हलली नाही. वाकलेलीच म्हणाली, "साफ आहे ना, मामाआजोबा? जाऊ निर्धास्त?" "आत्ता तरी काही दिसत नाही," मामा म्हणाले, आणि हात तिच्या डोक्यावर तसाच राहू दिला.