कोपऱ्यातला माणूस

घरात तिला छकुली म्हणत. पंधरा वर्षांची, खांद्याने दार ढकलून आत येणारी मुलगी, आणि नाव काय, तर छकुली! बाप सोफे दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. शटरच्या आत रेक्झिनचे गठ्ठे, फोमचे तुकडे, स्प्रिंगा, आणि सगळ्यावर काथ्याची धूळ. शाळा सुटली की छकुली तिथेच. बाप गुडघ्याने स्प्रिंग दाबून दोन्ही हातांनी सुतळी ताणत असला की त्याला जागचं हलता येत नसे. म्हणून एकमेकांना काही द्यायचं तर ते फेकूनच. दोऱ्याचं रीळ, खडू, घाम पुसायचं फडकं, सगळं हवेतून जायचं. तोंड उघडायचीही गरज पडत नसे.

फोनवर तिने मुलींची एक लढत पाहिली आणि संपलंच. बॉक्सिंगच शिकायचं. आता शिकवणार कोण? सगळ्यात जवळची जिम दोन बस बदलून तीन तासांवर. क्रीडा कार्यालयात गेली, तर तिथले साहेब म्हणाले, दहा-वीस मुली जमवून आण, मग बघू. म्हणजे एक मुलगी मुलगी नव्हे की काय? ती पाय आपटत दुकानात आली आणि सगळा राग एका जुन्या सोफ्याच्या पाठीवर काढला. गिऱ्हाइकाचा सोफा होता तो. बापाने तो बाजूला सरकवला. त्याने रेक्झिनची उंच पिशवी शिवली, चिंध्या ठासून भरल्या आणि तुळईला टांगली. महिनाभरात चिंध्या खाली बसून पिशवीचं बूड दगडासारखं झालं. छकुलीची बोटं सोलवटली. बापाने पिशवी उसवली, पुन्हा भरली. असं दोन वर्षं चाललं.

मग जिल्ह्याची निवड आली. वर्षातून एकदाच होते ती. जिंकणाऱ्या मुलीला क्रीडा वसतिगृहात जागा. तिथे खरी रिंग, खरा प्रशिक्षक, रोज अंगावर येणारी खरी माणसं. छकुलीला दुसरं काही नकोच होतं. फॉर्मवर क्लबचा शिक्का हवा होता, तर बापाने दुकानाचा मारला. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मागचे सगळे फिदीफिदी हसले. हसा लेको! शेवटी क्लबशिवाय, खुल्या प्रवेशात घेतलं एकदाचं. लढतीत तिच्या बाजूने कोपऱ्यात कोण उभं राहणार, असं विचारल्यावर बाप पुढे झाला. टेबलावरच्यांनी त्याच्या हातात बादली, बाटली आणि टॉवेल कोंबला आणि सांगितलं, गप उभे राहा. एवढंच सांगितलं. आणखी चार शब्द सांगायला त्यांची काय जीभ झिजणार होती?

समोरची मुलगी शहरातल्या जिमची. तिच्या कोपऱ्यात तिघेजण. पहिल्या फेरीत छकुलीने मार खाल्ला, कारण पिशवी कधी उलटून मारत नाही. दुसऱ्या फेरीत तिला गोम कळली. तिसरीत तर तिने त्या मुलीला असं धारेवर धरलं की ती नुसती मागेमागे सरकत होती. अर्धं मिनिट उरलं होतं. छकुलीच्या नाकातून रक्त वाहत होतं, पण तिला त्याची फिकीर नव्हती.

बापाला होती. आणि त्याने तिच्याकडे टॉवेल फेकला.

पंचाने दोन्ही हात हवेत हलवले आणि लढत थांबवली. बापाला वाटलं, नाक पुसायलाच थांबलेत. तो दोरीबाहेरून खुणा करत होता, पूस, पूस. तेवढ्यात पंचाने दुसऱ्या मुलीचा हात वर केला. कोपऱ्यातून टॉवेल आत पडला म्हणजे हार मानली, हे त्या अख्ख्या हॉलमध्ये एका माणसाला ठाऊक नव्हतं, आणि तो माणूस छकुलीचा बाप होता. ती टेबलाशी जाऊन भांडली. त्याला माहीत नव्हतं, असं शंभरदा सांगितलं. नियम म्हणजे नियम, असं उत्तर मिळालं. हेच नियम टॉवेल देताना कुठे गेले होते, देव जाणे.

परतीच्या बसमध्ये ती बापापासून चार सीट पुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, मोठी कात्री घेतली आणि पिशवी वरपासून खालपर्यंत फाडली. जमिनीवर चिंध्यांचा ढीग पडला.

"तू आलासच कशाला माझ्या कोपऱ्यात?" ती ओरडली.

बापाने ढिगातली एक चिंधी उचलली. मग म्हणाला, "दुसरं कोण येणार होतं?"

त्यामुळे ती आणखी भडकली; पण आता कुणावर, ते तिलाही कळेना. साहेबांवर, शिक्का वाचणाऱ्यावर, तीन तासांच्या रस्त्यावर. बाप सुई-दोरा घेऊन फाटक्या पिशवीशी खाली बसला.

"ते राहू दे. इकडे बस," ती म्हणाली. कार्यालयातून भांडून आणलेलं नियमांचं पुस्तक तिने दप्तरातून काढलं. "पुढच्या वर्षीही तूच असणार आहेस. एकेक नियम वाचते. पाठ करायचा. एक जरी चुकलास ना, तर बघ."

नाक सुजलेलं, त्यामुळे तिचा आवाज गेंगाणा येत होता. कोपऱ्यातल्या माणसाची कामं, पहिलं, दुसरं. बाप शाळेतल्या पोरासारखा मागून म्हणत गेला. टॉवेलचा नियम आला तेव्हा तो मध्येच अडला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. छकुलीने मान वर केली नाही. तोच नियम तिने पुन्हा, आणखी मोठ्याने वाचला आणि तो म्हणेपर्यंत पान उलटलं नाही.